जुने सागरी इंजिन घेताना
मुंबईचा ससून डॉक असो की रत्नागिरीचा मिरकरवाडा, ट्रॉलरसाठी जुने इंजिन घेणाऱ्या बांधवांनी नव्या रंगाला भुलू नये. अशोक लेलँडची ६ सिलिंडरची डिझेल इंजिने ट्रकलाही लागतात, बोटीलाही. ब्लॉक पुष्कळदा सारखाच दिसतो. फरक जोडणीत असतो. ट्रकला पंखा व रेडिएटर, तर सागरी इंजिनाला खाऱ्या पाण्याचा पंप आणि हीट एक्स्चेंजर. ब्लॉकवर ओतलेला उठावाचा नंबर फक्त ओतकामाचा प्रकार सांगतो. ठोकलेला इंजिन नंबर कागदाशी ताडून पाहावा. तो घासलेला दिसल्यास सौदा मोडावा. कापड उलटून पाहतो, तशी ब्लॉकची मागची बाजूही पाहावी. वेल्डिंगने बुजवलेली तड तिथे असू शकते. भर समुद्रात इंजिन बंद पडले, की पैशांबरोबर खलाशांचा जीवही टांगणीला लागतो.