शुद्धिहरण परिचारिका

शस्त्रक्रियेसाठी रुग्णास भूल देणे, शस्त्रक्रिया चालू असताना त्याचे श्वसन व रक्ताभिसरण सांभाळणे आणि शेवटी त्यास सुरक्षितपणे शुद्धीवर आणणे, या कार्याचे विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेस शुद्धिहरण परिचारिका म्हणतात. या व्यवसायात पुरुषही बरेच आहेत. त्याचा विकास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. अतिदक्षता विभागातील अनुभवाशिवाय तेथे या शिक्षणास प्रवेश मिळत नाही.

बॉस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला. त्यानंतरही भूल देण्याचे काम दीर्घकाळ दुय्यम मानले जाई व ते विद्यार्थ्यांवर किंवा नवशिक्या डॉक्टरांवर सोपविले जाई. त्यांचे लक्ष रुग्णाच्या श्वासापेक्षा शस्त्रवैद्याच्या हातांकडे अधिक असे. म्हणून काही शस्त्रवैद्यांनी हे काम परिचारिकांकडे दिले. सिस्टर मेरी बर्नार्ड (ईरी, पेनसिल्व्हेनिया, १८७७) या अशा पहिल्या परिचारिका समजल्या जातात. मेयो बंधूंच्या रुग्णालयातील ॲलिस मगॉ ईथर थेंबाथेंबाने देत व रुग्णाशी बोलत त्यास धीर देत. आपण दिलेल्या १४,००० हून अधिक भुलींत भुलीमुळे एकही मृत्यू झाला नाही, असे त्यांनी १९०६ मध्ये नमूद केले. ॲगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. परिचारिकेने भूल देणे म्हणजे बेकायदा वैद्यकी होय, हा आक्षेप कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये फेटाळला.

अतिदक्षता विभागात परिचारिकेकडे बहुधा एक किंवा दोनच रुग्ण असतात. कृत्रिम श्वसनयंत्र, रोहिणीतील नलिकेने अखंड मोजला जाणारा रक्तदाब, मायक्रोग्रॅमच्या मापाने नीलेवाटे जाणारे नॉरएपिनेफ्रिन यांच्याशी तिचा नित्य संबंध येतो. पडद्यावरील आकडा एकाएकी घसरला, तर नलिका सरकली आहे की रुग्णच ढासळतो आहे, हे तिला क्षणात ओळखावे लागते. ही नजर पाठांतराने येत नाही, म्हणूनच किमान एक वर्षाच्या पूर्णवेळ अनुभवाची अट आहे.

तथापि एवढ्या अनुभवावर भूल देता येते, हा समज चुकीचा आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णाची प्रकृती आजाराने बिघडलेली असते. शस्त्रक्रियागृहात मात्र प्रोपोफॉल व स्नायुशिथिलक औषधे देऊन चांगला चाललेला श्वास परिचारिका स्वतःच थांबविते. त्यानंतर श्वासनालात नळी बसविण्यास मिळणारा अवधी थोडा असतो. आधी शुद्ध ऑक्सिजन दिलेली निरोगी प्रौढ व्यक्ती काही मिनिटे तग धरते. लहान मूल, गर्भवती किंवा अतिस्थूल रुग्ण यांच्या बाबतीत तो अवधी पुष्कळच कमी होतो. तेथे डॉक्टरांच्या लेखी सूचनेची वाट पाहत बसता येत नाही. विभागात जुनी व जाणती म्हणून ओळखली जाणारी परिचारिका येथे पुन्हा नवशिकी ठरते, आणि ते पचविणे अनेकींना अभ्यासापेक्षा जड जाते.

१ जानेवारी २०२२ पासून या अभ्यासक्रमाचा प्रवेश केवळ डॉक्टरेटच्या स्तरावर दिला जातो. त्याचा कालावधी किमान ३६ महिने असून त्यात किमान ६०० भुली व २,००० तासांचे प्रत्यक्ष काम अंतर्भूत असते. बहुतेकांना तेवढा काळ नोकरी सोडावी लागते. शेवटी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा होते.

या परिचारिकांवर डॉक्टरांची देखरेख असावी की नाही, हा वाद मिटलेला नाही. मेडिकेअर या शासकीय विमा योजनेतील देखरेखीच्या अटीतून सूट मागण्याची मुभा राज्यांच्या गव्हर्नरांना २००१ मध्ये मिळाली व आयोवा राज्याने ती प्रथम घेतली. शुद्धिहरणतज्ञ डॉक्टरांची संघटना आपल्या अधिक दीर्घ वैद्यकीय शिक्षणाकडे बोट दाखविते; परिचारिका ग्रामीण रुग्णालयांकडे बोट दाखवितात, कारण त्यांपैकी अनेक ठिकाणी भूल देणारे दुसरे कोणी नसते. गुंतागुंतीचे रुग्ण मुळातच मोठ्या रुग्णालयांत जात असल्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलना करून हा प्रश्न सुटण्यासारखा नाही.

भारतात हा स्वतंत्र मान्यताप्राप्त व्यवसाय नाही. ग्रामीण भागातील उणीव भरून काढण्यासाठी शासनाने एम्‌.बी.बी.एस्‌. डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतिशस्त्रक्रियांपुरते भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले. भारतीय परिचर्या परिषदेचा गंभीर रुग्णांच्या परिचर्येचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम अतिदक्षता विभागापुरता असून त्यातून भूल देण्याचा अधिकार मिळत नाही.