जोराच्या वाऱ्यात छोटी शिडाची होडी कशी सांभाळतात?



आपल्या शिरवण्याच्या मुलांना सारसोळे, दिवाळ्याच्या होड्या माहीत असतात. पण त्या आता इंजिनवर चालतात, त्यामुळे शीड कसं काम करतं हे मुलांनी पाहिलेलंच नसतं. सुट्टीत मुलाला शिडाच्या होडीच्या शिबिराला पाठवणार असाल, तर एवढं जरूर वाचा.

मुलं शिकतात ती होडी बहुधा 'ऑप्टिमिस्ट'. लांबी साधारण २.३ मीटर, वजन ३५ किलो, चालवणारं मूल एकटंच.

आधी गणित बघू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट! मुलाचं वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणून जोर कमी करावा लागतो. तो असा:

१. शिडाचं पोट कमी करा. बूम म्हणजे शिडाखालची आडवी काठी. शिडाचा खालचा कोपरा तिच्या टोकाकडे ताणून बांधला की शीड सपाट होतं.

२. बूम खाली ओढणारा दोर घट्ट करा. तो ढिला राहिला तर बूम वर उचलली जाते, शीड पिळतं आणि वारा मागून असताना होडी डोलायला लागते.

३. तिरक्या काठीचा ताण बघा. ही काठी शिडाचा वरचा मागचा कोपरा उचलून धरते. वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सुरकुती पडली, तर ताण कमी आहे. उलट्या तिरक्या रेषेत पडली, तर जास्त आहे.

हे तिन्ही दोर किनाऱ्यावरच लावून घ्यायचे. पाण्यात गेल्यावर हातात राहतो तो मुख्य दोर. त्याला कधीच गाठ मारायची नाही! झोत आला की मुलाने अंग बाहेर झुकवायचं आणि दोर सैल सोडायचा. शीड फडफडलं म्हणजे जोर गेला. घाबरलेलं मूल नेमकं उलटं करतं, दोर आणखी आवळतं. म्हणून 'आधी दोर सोड' हे पाठच करून घ्या.

वर्गात करून बघा: चौकोनी रुमालाचे चार कोपरे चार मुलांना धरायला द्या. समोरासमोरचे दोन कोपरे ओढले की तिरकी सुरकुती दिसते. मग रुमाल पंख्यासमोर आधी सैल, नंतर ताठ धरा. फुगवटा कुठे गेला, ते मुलंच सांगतील.

पालकांनो, शिबिरात तीन गोष्टी विचारा: लाइफ जॅकेट सक्तीचं आहे का? सोबत बचावाची बोट असते का? उलटलेली होडी सरळ करायला आधी शिकवतात का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तरच मुलाला पाठवा.