पाला पडला की पाला जातो

मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. आमच्या ग्वाल्हेरात मात्र जानेवारीत कुणी 'पाला पडला' म्हटलं, तर ते दहिवराबद्दल बोलत असतं. हिंदीतला हा शब्द इथल्या मराठी घरांतही रुळलाय. आणि हा पाला पडला की तो पाला जातो!

हवा 3-4 अंशांवर असली तरी तो पडू शकतो. निरभ्र, निवांत रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतात. आतलं पाणी गोठतं, अन् सकाळी ऊन चढलं की पानं उकडल्यासारखी काळी पडतात. ढग असले तर ते पांघरुणाचं काम करतात. म्हणून मला धास्ती वाटते ती पावसाच्या रात्रीची नव्हे, त्यानंतरच्या रात्रीची. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात इथे हिवाळी पाऊस आणतात, त्याला इकडे 'मावठा' म्हणतात. तो सरकला, आभाळ धुतल्यासारखं झालं आणि संध्याकाळी वारा पडला, की समजायचं आज जागं राहायला हवं.

त्या दिवशी दुपारीच वाफ्याला पाणी द्यावं. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडी भिंतीला टेकवाव्यात. दिवसभर तापलेला दगड पहाटेपर्यंत कामाला येतो. टोमॅटो, वांगी, मिरची यांवर काठ्या रोवून जुनी साडी ताणायची. प्लास्टिक असेल तर ते पानांना टेकू द्यायचं नाही, टेकलं तिथलंच पान करपतं. सकाळी ऊन आलं की आच्छादन काढायलाच हवं. पालक, मेथी, कोबी, गाजर यांची एवढी काळजी नको. मटारचं झाड तगतं, पण फुलं-शेंगा बिचाऱ्या सापडतात.

निफाडकडचे द्राक्षवाले थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात. मोठ्या बागेत ठीक आहे. गल्लीतल्या चार वाफ्यांसाठी धूर करून शेजाऱ्यांना खोकवू नये, असं माझं मत.

गारांचा भर फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा साडी कमी पडते. हिरवी जाळी उतरती बांधावी, म्हणजे गारा घरंगळतात. टोमॅटोला आधार आधीच द्यावा, वादळ सुरू झाल्यावर बांधायला गेलात तर फांदी हातात येते. नंतर साचलेलं पाणी काढून मोडलेली पानं खुडावीत, नाहीतर करपा धरतो.

राहिला अळू. वडीसाठी तो इथल्या मराठी परसात हवाच, आणि थंडीला सगळ्यांत आधी तोच मान टाकतो. पानं गेली म्हणून उपटू नका. कंद जमिनीत जिवंत असतात. वर वाळलेल्या पानांचा वीतभर थर द्यायचा आणि पाणी अगदी बेताचं, कारण थंडीत चिखल झाला तर कंद कुजतात. आमच्याकडचे कंद आजीने माहेराहून, साताऱ्याहून आणलेले. त्यांतले दोन-तीन मी दरवर्षी वाळूच्या डब्यात घालून घरात ठेवते. बाहेरचे गेलेच, तर होळीनंतर हे लावता येतात.