राजगडावरची सईबाई

राजगडावर गेलात, तर पद्मावती माचीवर जरा थांबा. गुंजवण्याकडून चोरदरवाजानं वर आलं की तलाव लागतो आणि पुढे पद्मावती देवीचं देऊळ. पोरंबाळं देवळाच्या ओट्यावर डबे उघडतात, पाणी शोधतात. तिथंच जवळ एक समाधी आहे, साधीच. बऱ्याच जणी तिच्याकडे न बघताच बालेकिल्ल्याकडे निघून जातात.

ती सईबाईंची. फलटणच्या निंबाळकरांची लेक, शिवाजी महाराजांची थोरली राणी. लग्न झालं तेव्हा दोघंही लहानच होती. पुढे तीन मुली झाल्या, सखूबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई. सखूबाई तर आजोळीच सून म्हणून गेली, मामा बजाजींच्या घरात.

१४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. पण या बाळंतपणानंतर सईबाईंची तब्येत ढासळली. बाळाला दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ आली नि तिनं राजपुत्राला आपलं दूध पाजलं. आपल्या भोर तालुक्यातलं हे कापूरहोळ, सातारा रस्त्यावरचं. एसटीनं आपण किती वेळा तिथनं गेलो असू! मला मात्र नेहमी वाटतं, की दुसरीच्या कुशीत आपलं बाळ शांत झालेलं बघताना त्या आईला काय वाटलं असेल? बरंही वाटलं असेल, अन् पोटात तुटलंही असेल. बाळंतिणीची हेळसांड म्हणावी, तर ती काही गरिबाघरची नव्हती. राजाची राणी होती, तरी त्या काळी दुखण्यापुढे कुणाचं काय चालणार?

५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर त्यांनी डोळे मिटले. संभाजीराजे तेव्हा अवघे सव्वादोन वर्षांचे. अफझलखान स्वराज्यावर चालून आला होता, आणि दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली ती भेट झाली. त्या भेटीची गोष्ट आपण शाळेत तोंडपाठ केली. तिच्या आधी महाराजांच्या घरात काय घडून गेलं होतं, ते मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पोर मग आजीच्या पदराखाली वाढलं. जिजाऊंनी सून गमावली होती आणि नातू सांभाळायचा होता.

वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. आमच्या भागातल्या बायका अजूनही वेल्हंच म्हणतात म्हणा! पावसाळ्यानंतर गड हिरवागार असतो. निघालात तर दोन फुलं न्या, एक देवीला आणि एक तिच्या शेजारणीला.