‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ की खुले ऑपरेशन? कमरेच्या चकतीच्या विकारावरील शस्त्रक्रिया : एक परिचय

प्रास्ताविक

बेळगाव, चिकोडी, निपाणी हा सीमाभाग प्रामुख्याने कष्टकऱ्यांचा आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारी व विडीकाम, बेळगावच्या शहापूर-वडगाव भागांत यंत्रमाग, उद्यमबागेत फौंड्रीचे काम आणि सर्वत्र शेती हे येथील उपजीविकेचे मार्ग होत. तासन्‌तास मांडी घालून बसणे, वाकणे, ओझे उचलणे हे यांपैकी बहुतेक कामांत आलेच. कंबरदुखी त्यामुळे घरोघरी परिचयाची आहे.

दुखणे वाढले की एम. आर. आय. काढला जातो. अहवाल इंग्रजीत येतो, संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असते आणि घरची बोली मराठी किंवा दखनी उर्दू असते. साहजिकच कागद महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती येतात आणि तेथून ते शिक्षकांपर्यंत पोहोचतात. शिक्षक वैद्य नसतो व त्याने सल्ला देऊही नये. परंतु डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत हे तो सांगू शकतो. त्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांमुळे होणारा घोटाळा

दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. तिचे बाहेरचे वेष्टन चिवट तंतूंचे व आतील गर मऊ असतो. वेष्टन कमकुवत होऊन फाटले की गर बाहेर येतो, शेजारच्या मज्जातंतूच्या मुळाला दाबतो व तेथे दाह निर्माण करतो. त्यामुळे वेदना कमरेतून निघून मांडी, पोटरी व पावलापर्यंत जाते. आयुर्वेदात या पायदुखीला ‘गृध्रसी’ म्हणतात. रुग्ण गिधाडासारखा लंगडत चालतो, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. युनानी वैद्यकात व उर्दूत तिला ‘इर्क-उन-निसा’ म्हणतात. इब्न सीनाच्या ‘अल्-कानून’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे.

बोलीत मात्र ‘गादी सरकली’ किंवा ‘मणक्यात गॅप पडला’ असे म्हटले जाते. वास्तविक चकती जागची सरकत नाही; तिचा काही भाग बाहेर येतो. ‘गॅप’बाबत तर वस्तुस्थिती पुष्कळदा उलटी असते. चकती झिजल्यावर दोन मणक्यांमधील अंतर वाढत नसून कमी होते. ‘गॅप भरून काढण्या’ची कल्पना म्हणूनच निराधार आहे. शस्त्रक्रियेत काही भरले जात नाही. मज्जातंतूवर दाब देणारा तुकडा काढला जातो.

तिसरा शब्द ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’. त्याचा अर्थ पुढे स्पष्ट केला आहे.

शस्त्रक्रिया केव्हा आवश्यक?

‘कोणती शस्त्रक्रिया’ या प्रश्नाआधी ‘शस्त्रक्रिया हवी काय’ हा प्रश्न येतो. एम. आर. आय. मध्ये चकती फुगलेली दिसणे एवढे कारण पुरेसे नाही. कंबरदुखी नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार वीस वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ३० टक्के, तर ऐंशी वर्षांच्या व्यक्तींपैकी सुमारे ८४ टक्के लोकांत चकती फुगलेली आढळते. म्हणून अहवाल, लक्षणे व प्रत्यक्ष तपासणी या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

पायदुखीचे बहुसंख्य रुग्ण औषधे, हालचाल चालू ठेवणे व व्यायाम यांनी काही आठवड्यांत सुधारतात. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच पुष्कळदा शोषून घेते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना लवकर आराम पडला. परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. यावरून असे दिसते की, शस्त्रक्रियेचा मुख्य लाभ वेदनेचा काळ कमी होणे हा आहे. ज्याची मजुरी रोजच्या कामावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा लाभ लहान नाही. पण तो निर्णय घाबरून नव्हे, समजून घेतला जावा.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघ व गुदद्वाराभोवती बधिरता येणे, दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी मालीश, पट्टा किंवा ‘आठवडाभर पाहू’ यांत वेळ दवडू नये; त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. उशीर झाल्यास हानी कायमची राहू शकते. पाऊल अचानक लुळे पडल्यासही विनाविलंब तज्ज्ञास दाखवावे.

शस्त्रक्रियेचे प्रकार

१९३४ साली अमेरिकेतील बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी चकतीचा तुकडा व पायदुखी यांचा संबंध दाखवून दिला. तेव्हापासूनची खुली शस्त्रक्रिया मोठा छेद घेऊन, स्नायू बाजूला सारून व मणक्याच्या कमानीचे हाड काढून केली जाई.

१९७७ साली यासारगिल व कास्पार यांनी स्वतंत्रपणे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. छेद तीन-चार सेंटिमीटरवर आला. आज ‘खुली शस्त्रक्रिया’ म्हणून तुलनेत बहुधा हीच पद्धत अभिप्रेत असते.

१९९७ साली फोली व स्मिथ यांनी नळीची पद्धत मांडली. तीत स्नायू कापण्याऐवजी ते विलग करून सुमारे दोन सेंटिमीटरच्या छेदातून नळी बसवतात. पुढे पूर्ण एंडोस्कोपी आली. तिचा छेद सुमारे एक सेंटिमीटरचा असतो व काही प्रकारांत पूर्ण भूल द्यावी लागत नाही.

बोलीत ‘दुर्बीण’ हा एकच शब्द सूक्ष्मदर्शक, नळी व एंडोस्कोप या तिन्हींसाठी वापरला जातो. काही वेळा लेसरलाही तेच नाव मिळते. दोन रुग्णालयांच्या खर्चाची तुलना करताना म्हणूनच नेमकी पद्धत कोणती, हे विचारणे अगत्याचे आहे.

तुलना काय सांगते?

लहान छेदाचे काही फायदे निश्चित आहेत. स्नायूंना इजा व रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण बहुधा लवकर घरी जातो. मात्र पायदुखी कमी होण्याच्या दृष्टीने फरक अल्प आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ३२८ रुग्णांच्या डच अभ्यासात नळीची पद्धत सूक्ष्मदर्शकाच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरली नाही. २०१४ सालच्या कोक्रेन आढाव्यात ११ अभ्यासांतील १,१७२ रुग्णांचा विचार होता. त्यात लहान छेदाच्या पद्धतींमध्ये जखमेचा संसर्ग कमी असू शकतो, पण वेदनेबाबत त्या किंचित मागे असू शकतात व हा फरक लहान आहे, असे नमूद आहे. याउलट २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ६१३ रुग्णांच्या डच अभ्यासात एंडोस्कोपी पायदुखीच्या बाबतीत खुल्या पद्धतीपेक्षा कमी प्रतीची ठरली नाही.

तात्पर्य, छेदाच्या लांबीवरून शस्त्रक्रियेचे यश ठरत नाही. रुग्णाची योग्य निवड व शल्यविशारदाचा त्या विशिष्ट पद्धतीतील अनुभव अधिक महत्त्वाचा. एंडोस्कोपी शिकण्यास वेळ लागतो. शिवाय कोणतीही पद्धत घेतली तरी चकतीचा तुकडा पुन्हा बाहेर येऊ शकतो. हे प्रमाण बहुधा शेकडा ५ ते १५ असल्याचे आढळते.

विचारावयाचे प्रश्न

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० तर बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आहे. मिरजही जवळचे. निवड करता येते. म्हणूनच पुढील प्रश्न लिहून नेणे हितावह ठरेल :

१) शस्त्रक्रिया आताच का? सहा आठवडे थांबल्यास कोणता धोका आहे?
२) पद्धत नेमकी कोणती? सूक्ष्मदर्शक, नळी की एंडोस्कोप?
३) या पद्धतीच्या किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत?
४) केवळ तुकडा काढणार की स्क्रूही बसवणार? बसवणार असल्यास का?
५) एकूण खर्च किती? रुग्णाचे कार्ड ज्या राज्याचे आहे, त्या राज्याच्या आरोग्य योजनेत हे रुग्णालय व ही शस्त्रक्रिया समाविष्ट आहे काय?
६) वाकण्याचे व ओझ्याचे काम केव्हा सुरू करता येईल?

समारोप

नवी पद्धत ही फसवणूक नव्हे आणि जुनी पद्धत मागासही नव्हे. योग्य रुग्णासाठी योग्य वेळी दोन्ही उपयुक्त आहेत. केवळ ‘दुर्बीण’ या शब्दाच्या मोहाने दागिने गहाण टाकणे जितके अनुचित, तितकेच शस्त्रक्रियेच्या भीतीने लघवी अडलेल्या रुग्णाला घरी ठेवणे घातक आहे. कागद वाचून दाखविण्याची विनंती घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला हा भेद त्याच्या भाषेत समजावून सांगता आला, तर शिक्षकाचे ज्ञान त्याच्या घराच्या उपयोगी पडेल.