जुन्या बोटीचा पूर्वेतिहास

बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण स्वतःविषयी काही सांगत नाही. म्हणून नाडीला हात लावण्यापूर्वी आम्ही आईला विचारतो : बाळ किती महिन्यांचे जन्मले, जन्मतः वजन किती होते, लगेच रडले का, कोणती दुखणी होऊन गेली. उपचार काय करायचा हे पुष्कळदा या उत्तरांतूनच ठरते. जुने जहाज विकत घेणाऱ्याचीही स्थिती अशीच असते. जहाज बोलत नाही. त्याच्या वतीने विकणारा बोलतो. आईला बाळ बरे व्हायला हवे असते, विकणाऱ्याला मात्र सौदा व्हायला हवा असतो. म्हणूनच किमतीची बोलणी सुरू करण्यापूर्वी जहाजाचा पूर्वेतिहास दुसरीकडून काढावा लागतो.

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या माधवगंजात हा विषय परका वाटेल. परंतु भारतीय नौकानयनाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली जुन्या बोटीची खरेदी ग्वाल्हेरशीच निगडित आहे, आणि ती बोट काही काळ एक इस्पितळही होती.

या बोटीचे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडमधील बॅरो येथे १८९० मध्ये तिचे जलावतरण झाले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकुव्हर, जपान व हाँगकाँग या मार्गावर टपाल आणि उतारू वेगाने पोहोचविणे हे तिचे काम होते. १९०३ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर तिची एका चिनी युद्धनौकेशी टक्कर झाली व ती युद्धनौका बुडाली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, १९१४ च्या अखेरीस, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ही बोट विकत घेतली. हिंदी सैनिकांसाठी रुग्णनौका म्हणून ती सज्ज झाली आणि ‘लॉयल्टी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

युद्ध संपले, रुग्णनौकेची गरज सरली आणि बोट विक्रीस निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना ही वार्ता आगगाडीच्या प्रवासात, बोटीच्या पाहणीसाठी आलेल्या एका इंग्रज तज्ज्ञाकडून कळली, असे सांगतात. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या सहकाऱ्यांसह त्यांनी खरेदी केली व १९१९ च्या मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. कंपनीच्या नावातील ‘सिंदिया’ म्हणजे आपले शिंदेच. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

आता खरेदीदाराच्या चष्म्यातून या बोटीचा केसपेपर वाचून पाहू. वय २८ वर्षे. बांधणी वेगासाठी, म्हणजे कोळशाची भूक मोठी. माल भरण्याची जागा मालवाहू बोटीच्या मानाने कमी. मूळ मालकाला टपालाच्या करारापोटी सरकारी अनुदान मिळे. ते नव्या मालकाला मिळणार नव्हते. म्हणजे ज्या हिशेबावर ही बोट बांधली गेली, तो हिशेबच आता उरला नव्हता.

ही माहिती गुप्त नव्हती. लॉइड्स रजिस्टरच्या वार्षिक ग्रंथांत जहाजाचे बांधणीवर्ष, बांधणारा, इंजिन व मालक यांची नोंद असे. ब्रिटिश नोंदणीच्या नियमांनुसार जहाजाला मिळालेला क्रमांक त्याच्या मुख्य तुळईवर कोरला जाई. नाव बदलले तरी तो क्रमांक कायम राही. मालकीचे ६४ हिस्से मानले जात आणि प्रत्येक हिश्श्याची विक्री अथवा गहाण नोंदवहीत उतरे. आज हेच काम सात अंकी आयएमओ क्रमांक करतो. १९८७ मध्ये ही पद्धत आली व १९९६ पासून मोठ्या जहाजांना ती बंधनकारक झाली.

मग ‘लॉयल्टी’चा सौदा फसला का? केवळ बोट म्हणून पाहिल्यास तिने फार साथ दिली नाही. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. परंतु युद्धात असंख्य जहाजे बुडाल्याने १९१९ मध्ये जहाजांचा दुष्काळ होता आणि नवे जहाज मिळणे दुरापास्त होते. भारतीय मालकीची बोट विलायतेस जाऊ शकते हे दाखवायचे, तर जी मिळाली ती घेणे भाग होते. बोट गेली, कंपनी मात्र ब्रिटिश कंपन्यांच्या दरयुद्धातून तरून अनेक दशके चालली. म्हणजे पूर्वेतिहास वाचून सौदा मोडलाच पाहिजे असे नाही. आपण कशाचे पैसे मोजतो आहोत हे मात्र त्यातून कळते.

हे न कळल्यास काय होते, त्याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. रशियाची ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’ ही विमानवाहू नौका भारताने २००४ च्या कराराने घेतली. जहाज विनामूल्य, केवळ नूतनीकरणाचे सुमारे ९७ कोटी डॉलर, असा सौदा होता. १९९४ मध्ये तिच्या बॉयलरच्या भागात स्फोट झाला होता व नंतर ती बराच काळ पडून होती. काम सुरू झाल्यावर विजेच्या तारांपासून अनेक गोष्टी अपेक्षेहून कितीतरी अधिक बदलाव्या लागणार असे दिसले आणि २०१० पर्यंत रक्कम २३० कोटी डॉलरच्या पुढे गेली. २०१३ मध्ये ‘विक्रमादित्य’ या नावाने ती नौदलात दाखल झाली. नौका उत्तम ठरली, पण तिची खरी किंमत करारावर सही झाल्यानंतर कळली.

आणखी एक बाब कायद्याची. खलाशांचे थकलेले पगार, टक्करीची भरपाई, संकटातून सोडविण्याचा मोबदला यांसारखे दावे मालकावर नसून जहाजावर चढतात आणि मालक बदलला तरी ठराविक मुदतीपर्यंत कायम राहतात. भारताच्या २०१७ च्या नौअधिकरण कायद्यातही ही तरतूद आहे. जुन्या मालकाचे देणे नव्या मालकाच्या दारी येते ते असे.

म्हणून प्रश्न ठरलेले असावेत. बोट कोणी व कोणत्या कामासाठी बांधली? किती हात बदलले, आणि प्रत्येकाने ती का विकली? अपघात, आग, दीर्घ काळ नांगरून पडणे यांपैकी काय घडले? मागच्या वेळी ती किती किमतीला गेली? तिच्यावर गहाण वा दावा आहे का? यांतील ‘का विकली’ हा प्रश्न सर्वांत मोलाचा. त्याचे उत्तर विकणाऱ्याकडून ऐकावे आणि मग नोंदवहीशी ताडून पाहावे. दोन्ही जुळले तर किंमत बोलावी. न जुळल्यास त्या तफावतीचाच आधी खुलासा मागावा. घासाघीस करण्याचे कौशल्य नसलेल्या माणसालाही त्या एका खुलाशावर किंमत पुष्कळ खाली आणता येते.