लिंबाएवढी पेशी, १७० मीटरचा धागा

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. खरं चक्रावायला होतं ते यातली एकेक पेशी कुठे कुठे पोचते, हे पाहताना.

कीवमधल्या व्लादिमिर बेट्स यांना १८७४ साली मोटर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे हालचालींचे हुकूम सोडणाऱ्या पट्ट्यात, राक्षसी पेशी दिसल्या. राक्षसी म्हणजे किती, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या. पायाशी संबंधित पेशींचे अक्षतंतू, म्हणजे संदेश नेणारे लांब धागे, थेट कमरेजवळच्या मेरुरज्जूपर्यंत उतरतात. ही लांबी अर्ध्या मीटरहून जास्त, पेशीच्या पाच हजार पटींच्या वर. मेंदूच्या एका बाजूला या पेशी तीस-चाळीस हजार. खाली निघणाऱ्या पिरॅमिडल मार्गात मात्र एका बाजूचे तंतू दहा लाखांच्या घरात. नाव झालं ते शेकडा तीन-चार पेशींचं!

उरलेल्यांचा माग काढायचा तर उंदराकडे वळावं लागतं. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्राने २०१९ साली मोटर कॉर्टेक्स, थॅलॅमस आणि आणखी दोन भागांतल्या हजारावर पेशी शेवटच्या टोकापर्यंत रेखाटल्या. तंतूंची एकूण लांबी भरली ८५ मीटरहून जास्त, म्हणजे पेशीमागे साधारण साडेआठ सेंटिमीटर. अख्खा मेंदू दीडेक सेंटिमीटरचा! पेशी लिंबाएवढी मानली, तर मेंदू होईल तीस मीटरचा आणि त्यात त्या एका लिंबाला फुटलेला धागा १७० मीटरचा.

हा धागा एकाच ठिकाणी जात नाही. कॉर्टेक्समधल्या पेशींची ढोबळ घराणी तीन: काही पेशी कॉर्टेक्समध्येच, पलीकडच्या गोलार्धातसुद्धा, आणि मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटममध्ये फांद्या पसरतात, काही मस्तिष्कस्तंभ आणि मेरुरज्जूकडे जातात, काही थॅलॅमसशी बोलतात. घराण्याच्या आत मात्र प्रत्येकीची तऱ्हा निराळी. ठिकाणं दहा धरली तर शक्य जोड्या, म्हणजे एक किंवा अधिक ठिकाणांचे संच, १,०२३. वीस धरली तर १० लाख ४८ हजारांवर. तीस धरली तर १०७ कोटी, आणि उंदराच्या मेंदूत चेतापेशीच मुळी सात कोटींच्या आसपास.

या जोड्या तपासायची युक्ती कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतली, २०१६ सालची. विषाणूमार्फत पेशींमध्ये आरएनएचा यादृच्छिक संकेत सोडायचा, तो तंतूभर पसरू द्यायचा, मग मेंदूच्या कोणत्या तुकड्यात कोणता संकेत सापडतो ते वाचायचं. चार अक्षरं, तीस जागा: शक्य संकेत एकावर अठरा शून्यांहून जास्त. आपली एकं-दहंची मोजणी परार्धाला, सतरा शून्यांवर, थांबते. हा आकडा दहा परार्धांच्या पुढचा. प्रत्यक्ष साठ्यात यातले मूठभरच असतात, पण दोन पेशींना एकच संकेत मिळण्याची शक्यता नगण्य करायला तेवढे पुरतात.

याच युक्तीने २०१८ साली दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये दिसलं की बहुतेक पेशी एकाहून अधिक ठिकाणी जातात आणि काही जोड्या योगायोगापेक्षा जास्त वेळा येतात. म्हणजे सगळंच मोकाट नाही. जनुकांच्या हिशेबानेही, २०२१ साली पाच लाखांवर नोंदी चाळून उंदराच्या मोटर कॉर्टेक्समध्ये चेतापेशींचे प्रकार ठरले ते ५६ च्या आसपास, आणि त्यातही बरेच दूरवर तंतू न पाठवणारे. कोटींच्या शक्यता, प्रकार पन्नास-साठ. मला या दोन आकड्यांमधली दरी ८,६०० कोटींपेक्षा मोठी वाटते.

आणि या प्रकारांमधला फरक नुसता कागदावरचा नाही. २०१८ मध्येच उंदरांना ठरावीक इशाऱ्यानंतर डावीकडे किंवा उजवीकडे चाटायला शिकवून मोटर कॉर्टेक्सच्या पाचव्या थरातल्या दोन प्रकारच्या पेशींचे संदेश टिपले गेले. थॅलॅमसकडे जाणाऱ्या पेशी चाटण्याची तयारी चालू असतानाच बोलू लागत. त्यांच्या किंचित खाली बसलेल्या, मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी असलेल्या मेड्युलाकडे जाणाऱ्या पेशींचा हुकूम सुटे तो जीभ हलायच्या बेतात असताना.